वाळू धुण्याचे शुक्रवार

सकाळी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला की उद्या वर्ग ऑनलाइन, पावसाचा इशारा आहे. आमच्याकडे पाऊस असा आधी कळवून येतो. दुबईत, अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगचा वॉचमन मग बेसमेंटच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या रचतो, बायका बाल्कनीतले गालिचे आत घेतात, आणि चार थेंब पडले की सगळे फोन घेऊन खिडकीशी उभे राहतात. दुपारी कुणीतरी डोंगरातल्या वादीचा व्हिडिओ पाठवला. वादी म्हणजे इथली नदी. वर्षभर नुसते दगडगोटे, आणि एखाद्या हिवाळ्यात वर डोंगरात पाऊस झाला की चहाच्या रंगाचं पाणी दगड ढकलत खाली येतं.

व्हिडिओ मी श्रीरंगला दाखवला. त्याने चष्मा कपाळावर सारला, फोन डोळ्यांशी नेला आणि म्हणाला, "ओसरल्यावर त्या मोठ्या दगडाच्या मागे बघायला पाहिजे." मग त्याचं त्यालाच हसू आलं. मलाही आलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवराबायको कशाला हसतात हे तिसऱ्याला कळत नाही, पण आम्ही दोघं त्याच क्षणी त्याच ठिकाणी जाऊन पोचलो होतो. रास अल खैमाच्या मागच्या डोंगरात, मंदीच्या हिवाळ्यात, मांडीपर्यंत पँट दुमडून.

मंदी आम्हाला आधी ऐकू आली. तेव्हा आम्ही शारजात, अल मजाजमध्ये राहायचो. आमच्या टॉवरच्या मागे दुसरा एक टॉवर उठत होता आणि त्याचा आवाज घरातल्या माणसासारखा झाला होता. सकाळी कुकरच्या शिट्टीच्या आधी त्याची घरघर सुरू व्हायची. एका सकाळी मी डबे भरत होते, आणि काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. पोळी करपली नव्हती, दूध उतू गेलं नव्हतं. मग लक्षात आलं, मागे शांतता आहे. क्रेन उभी होती. तिच्या हुकाला लटकवलेली एक बादली वाऱ्यावर हलत होती, आणि ती पुढे महिनोन् महिने तशीच हलत राहिली.

श्रीरंग एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर होता. कुठलं काम कधी संपणार हे ठरवणं हेच त्याचं काम. त्याच्या कंपनीचे प्रोजेक्ट एकेक करून 'होल्ड'वर गेले. मग त्याला बोलावून सांगितलं, सध्या घरीच थांबा, कळवतो. तो रोज उठून दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, आणि बाल्कनीत खुर्ची टाकून खालिद लगूनच्या पाण्याकडे बघत बसायचा. रेवा, आमची मुलगी, तेव्हा दुसरीत होती. तिने एकदा विचारलं, "बाबा, आर यू ऑन हॉलिडे?" तो म्हणाला, "हो, मोठी सुट्टी." तिला इतका आनंद झाला की तिने त्याच्या मांडीवर उडी मारली. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ उगाचच सोडून ठेवला.

माझी शाळेतली नोकरी होती म्हणून घर चालत होतं. पण आम्ही सगळे श्रीरंगच्या व्हिसावर होतो. त्याची नोकरी गेली की महिन्याभरात इथलं सगळं आवरायचं, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ते बोलत नव्हतो. जेवताना "मीठ दे", "भात हवा का", एवढंच.

तशात पाऊस आला. इथल्या मानाने धो धो. शारजाच्या रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचलं, शाळा बंद पडल्या, गाड्या अर्ध्या बुडाल्या. आणि तिसऱ्या दिवशी बाळ परांजप्यांचा फोन.

परांजपे आमच्याहून वडील. ते माती तपासणाऱ्या लॅबमध्ये होते. कुठेही इमारत उठायची असली की यांची माणसं जमिनीत खोल भोक पाडून आत काय आहे ते बघायची. इमारतीच उठेनाशा झाल्या, तेव्हा परांजप्यांना खुर्ची होती, पण काम नव्हतं. पण त्या माणसाला निराश होण्याची सवयच नव्हती.

"मेधा, डोंगरात वादी वाहिलीय," ते फोनवर ओरडले. फोनवर ते नेहमीच ओरडायचे. "या डोंगरांत तांबं आहे, आणि तांबं असतं तिथं चिमूटभर सोनं असतं. पूर आला की ते सुटून खाली येतं. शुक्रवारी श्रीरंगला घेऊन ये. सोनं शोधू!"

"परांजपे, काहीही काय!"

"सापडलं नाही तर सुनंदाची थालीपिठं खाऊन परत येऊ. त्याला घरातून बाहेर काढ ग." हे शेवटचं वाक्य त्यांनी न ओरडता म्हटलं.

शुक्रवारी, तेव्हाच्या इथल्या सुट्टीच्या दिवशी, निघालो. रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यांची धूळ पावसाने खाली बसली होती आणि डोंगर असे स्वच्छ दिसत होते, जणू रात्रीतून कुणी जवळ आणून ठेवलेत. वादीत उतरलो तेव्हा पाणी ओसरून गेलं होतं. ओलसर गाळाची पातळ साय दगडांवर वाळून तडकली होती, तिच्यावर पाय पडला की पापडासारखी मोडायची. खजुराचं एक अख्खं झाड मुळांसकट दोन शिळांमध्ये अडकलं होतं. त्याच्या झावळ्यांत एक प्लास्टिकची चप्पल, बकरीच्या गळ्यातली दोरी, कुणाच्या तरी शेतातला पाइप. मधून एक बारीक ओढा अजून वाहत होता आणि खळग्यांत डबकी साठली होती. हवेत ओल्या चुन्याचा वास होता. घर रंगवताना येतो तसा. तिथे उभी राहून मी किती दिवसांनी लांब श्वास घेतला ते मला आठवतं.

परांजप्यांनी आम्हाला समजावलं. पुराचं पाणी वेगात असतं तोवर सगळं वाहून नेतं. वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडाच्या मागे ते मंद होतं, आणि मंद झालं की आधी जड वस्तू टाकतं. सोनं सगळ्यांत जड. म्हणून तिथली खालची वाळू उपसायची आणि धुवायची. सुनंदाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, घरून चकल्या, भाजणीच्या ऑर्डरी घ्यायच्या. त्यांची पीठ मळायची मोठी स्टीलची परात परांजप्यांनी न विचारता आणली होती.

"माझी परात!" सुनंदाताई म्हणाल्या.

"सोन्याची करून देतो," परांजपे म्हणाले आणि परात ओढ्यात बुडवून असे काही गदागदा हलवायला लागले, की वाळू, खडे, पाणी आणि असलंच तर सोनं, सगळं भसकन बाहेर गेलं. रेवा टाळ्या वाजवत होती.

श्रीरंग काठावर बसून हे बघत होता. दोन-तीनदा बघितलं त्याने. मग उठला, बूट काढले, आणि म्हणाला, "इकडे द्या."

तो उकिडवा बसला. परातीत वाळू घेतली, पाण्यात बुडवून बोटांनी तिची ढेकळं मोडली, मोठे खडे वेचून टाकले. मग परात एका अंगाला जराशी कलती केली आणि मनगटाने हलकेच झोल द्यायला लागला. डावीकडे, उजवीकडे, थोडं थांबून पुढे. प्रत्येक झोलाबरोबर परातीच्या काठावरून पाण्याची एक पातळ पट्टी वरची वाळू घेऊन बाहेर पडायची. कुठे घाई नाही, झटका नाही. लहान बाळाला झोपवताना हात आपोआप चालतो तसे त्याचे हात चालत होते. परात रिकामी होत गेली, आणि शेवटी तळाशी कोयरीच्या आकाराची काळी वाळू उरली, बारीक, चकचकीत.

आम्ही सगळे जवळ सरकलो. परांजपेसुद्धा.

"हे कुठे शिकलास?" मी विचारलं.

"आजोबांकडे," तो परातीत बघत म्हणाला. "आमचे आजोबा झारेकरी होते."

आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईला सांगण्यात आलं होतं की मुलाच्या आजोबांचं कराडला सोन्याचं काम होतं. आईने मनातल्या मनात तिथे एक पेढी उभी केली होती, पांढऱ्या गादीची, पितळी तराजूची. आणि आता कळलं ते काम कसलं होतं. सोनाराच्या दुकानात कानस चालते, तार कापली जाते, तेव्हा बारीक भुकटी उडते. ती जमिनीवर पडते, कारागिरांच्या पायांना चिकटून गल्लीत जाते, मोरीतून गटारात उतरते. ती धूळ, तो गाळ विकत घ्यायचा, धुवायचा, आणि त्यातून सोनं वेगळं करायचं. झारेकऱ्याचा दिवस गटाराच्या कडेला जायचा. श्रीरंग शाळेतून आला की आजोबांच्या शेजारी बसायचा. आजोबांची एक उथळ लाकडी काठवट होती आणि त्याच्यासाठी एक छोटी थाळी.

परत येताना रेवा मागे झोपली होती. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस कधी?"

"आबांनी तो शब्दच घरात बंद केला होता," तो म्हणाला. आबा म्हणजे त्याचे वडील. ते शिकले, सरकारी कचेरीत चिकटले, आणि ज्या दिवशी आजोबा गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांनी काठवट बंबात घातली. "शाळेत मुलं मला 'गटारवाला' म्हणायची. आबांनाही म्हणत असतील. त्यांनी मला इंजिनियर केलं. आणि आता मी परत जाऊन काय सांगू त्यांना, की तिकडे काम संपलं?"

गाडी चालू होती, समोरचा रस्ता वाळवंटात सरळ पसरला होता. महिनाभर जे बोलायचं राहिलं होतं ते त्या रस्त्यावर सुरू झालं. घरी पोचलो तरी आम्ही खाली गाडीत बसून होतो.

मग दर शुक्रवारी जायला लागलो. तो सगळा हिवाळाच ओलसर होता, मधूनमधून डोंगरात पाऊस होत राहिला आणि वादी आपली वाळू पुन्हा पुन्हा उलथीपालथी करत राहिली. त्या शुक्रवारांचं मला काय काय आठवतं! पहाटे सुनंदाताईंच्या डब्यातून येणारा लसणीच्या चटणीचा वास. थर्मासच्या झाकणातला चहा. पाण्यात बसून बसून गारठलेली, सुरकुतलेली बोटं. हिरवट काळे दगड, ओले असले की पाचूसारखे आणि घरी आणले की साधे. वादीच्या काठावर खजुराची बाग असलेले अबू राशिद, म्हणजे राशिदचे वडील; इथे बापाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. हे वयस्कर गृहस्थ दर वेळी आपल्या पिकअपमधून येऊन आमच्याकडे बघत उभे राहायचे. तरुणपणी ते खजूर घेऊन मुंबईला जायचे, त्यामुळे त्यांचं हिंदी आमच्यापेक्षा ठसकेबाज होतं.

"हबीबी, सोना मिला?" ते वरून ओरडायचे.

"इन्शाल्ला!" परांजपे खालून ओरडायचे.

"हमारा बाबा इधर सारी उमर बकरी चराया. उसको एक दाना नहीं मिला!" आणि पोट धरून हसायचे. जाताना खजुराची पिशवी दगडावर ठेवून जायचे.

काळी वाळू आम्ही जॅमच्या बाटल्यांतून घरी आणायचो. बाल्कनीत वर्तमानपत्रावर ती वाळायची. मग फ्रिजवरचं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यावरून फिरवायचं. वाळूचे कण ताडकन उभे राहायचे आणि रेवा किंचाळायची, "इट हॅज व्हिस्कर्स! मम्मा, लुक!" ज्या खुर्चीत बसून श्रीरंग दिवसच्या दिवस पाण्याकडे बघायचा, त्याच खुर्चीत बसून आता तो मुलीला सांगत होता, लोखंड निघून जातं, सोनं जात नाही, ते मागे राहतं. ती इंग्रजीत विचारायची, तो मराठीत सांगायचा, आणि दोघांचं छान जमायचं.

पिवळं पहिल्यांदा दिसलं तेव्हा परांजप्यांनी वादीत नाच केला होता. श्रीरंगने तो कण नखावर घेतला, त्यावर हाताची सावली धरली. कण विझला. मग सुईच्या टोकाने दाबला, तर त्याचा चुरा झाला. "नाही," तो म्हणाला. "सोनं सावलीतही पिवळंच दिसतं. आणि ते फुटत नाही, चपटं होतं." परांजपे मटकन खाली बसले. पुढच्या परातीला पुन्हा तेवढ्याच उमेदीने उठले.

एका शनिवारी श्रीरंगने आबांना फोन लावला. दर आठवड्याला लावायचाच, पण तेव्हा नुसतं तब्येतीचं आणि हवेचं बोलणं व्हायचं. त्या दिवशी स्पीकर चालू होता, मी भाजी निवडत होते.

"आबा, एक सांगायचंय. माझं काम थांबलंय. बहुतेक जाईल."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"बरं," आबा म्हणाले. "मेधाची शाळा आहे ना?"

"आहे."

"मग बरं."

"आणि आबा, मी वाळू धुतोय. इथे डोंगरात नदी आहे. दर शुक्रवारी जातो."

मला वाटलं फोनचं कार्ड संपलं. श्रीरंग ओट्याला टेकून उभा होता, त्याचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा झाला होता. मग आवाज आला, जरा घोगरा.

"कशात धुतोस?"

"परातीत. स्टीलच्या."

"पाणी वाहतं का साठलेलं?"

"वाहतं. बारीक ओढा आहे."

"मग चुकतंय तुझं. वाहत्यात धुवू नये रे, बारीक माल निघून जातो. डबक्यात बसावं. आणि परातीला तेलाचा ओशटपणा असेल तर कण तरंगतात, दिसतसुद्धा नाहीत. राखेनं घासून घे."

"इथे राख कुठली, आबा?"

"मग साबणानं घास. पण घास. दादा तर..." आणि आबा थांबले. दादा म्हणजे त्यांचे वडील, ते झारेकरी आजोबा. पुन्हा बोलायला लागले ते किती वेळ बोलत होते कुणास ठाऊक. दादा उन्हाळ्यात पहाटे कसे निघायचे, गाळ हातात घेऊन वासावरून तो कुठल्या दुकानाचा ते कसं सांगायचे, थंडीत त्यांच्या बोटांना भेगा पडायच्या तेव्हा आबाच त्यात कोकमाचं तेल कसं भरायचे. मी भाजीची जुडी हातात धरून बसले होते. श्रीरंगने फ्रिजला कपाळ टेकवलं होतं आणि तो मधूनमधून फक्त "हं" म्हणत होता.

पुढच्या शुक्रवारी परात साबणाने घासून नेली. श्रीरंग डबक्यात बसला. आणि त्या दिवशी काळ्या वाळूच्या शेपटीला एक कण राहिला, खसखशीच्या दाण्याहून लहान. सावली धरली, विझला नाही. सुईने दाबला, चपटा झाला. सगळ्यांची डोकी परातीवर जमली होती. रेवाने आमच्यामधून डोकं घातलं, नीट बघितलं आणि म्हणाली, "इज दॅट ऑल?"

आम्ही इतके हसलो की सुनंदाताईंना ठसका लागला. वरून अबू राशिद ओरडून विचारत होते काय झालं म्हणून, आणि कुणालाच बोलता येत नव्हतं. परांजप्यांनी ओल्या बोटावर तो कण उचलून औषधाच्या एका छोट्या बाटलीत, पाण्यात सोडला. ती बाटली ते शर्टाच्या खिशात ठेवायचे. हिवाळा संपेपर्यंत तिच्या तळाशी आणखी थोडे कण जमले. बाटली हलवली की क्षणभर उजळायचे आणि खाली बसायचे. तिथून तासाभराच्या रस्त्यावर, दुबईच्या सोन्याच्या बाजारात, गोल्ड सूकमध्ये, काचेआड सोन्याचे अंगभर झगे टांगलेले असतात. मी ते कितीदा पाहिलेत. पण मला कधी हात पुढे करावासा वाटला नाही.

पुढे काय झालं ते इथेच सांगते. श्रीरंगची नोकरी गेलीच. पण व्हिसा संपायच्या आत त्याला रास अल खैमात एका कारखान्याच्या वाढीव कामावर जागा मिळाली. हुद्दा खालचा होता. त्याने तो हसत घेतला, आणि आम्ही काही वर्षं तिकडेच राहायला गेलो. परांजप्यांची लॅब बंद झाली, ते दोघं दापोलीला परतले. निघताना परांजप्यांनी खिशातली बाटली काढून श्रीरंगच्या हातात ठेवली. "आबांना दाखव," म्हणाले. सुट्टीत आम्ही कराडला गेलो. आबांनी बाटली उजेडात धरली, बराच वेळ बघितली, मग कोट चढवला आणि आम्हाला घेऊन थेट सोनार गल्लीत गेले. सगळी हयात ते त्या गल्लीला वळसा घालून जात होते, असं श्रीरंगने मला नंतर सांगितलं. दुकानात तरुण मुलगा होता. त्याने विचारलं, "आजोबा, कुठलं हे?" आबा म्हणाले, "आमच्या श्रीरंगनं धुतलंय. आम्ही झारेकरी ना इथले." जोरात म्हणाले, शेजारच्या दुकानात ऐकू जाईल असं. आबा आता नाहीत. बाटली त्यांनी शेवटपर्यंत चष्म्याच्या घराशेजारी ठेवली होती.

हे सगळं नीट झालं. पण पावसाचा इशारा आला की माझ्या मनात येतो तो त्या हिवाळ्यातला आमचा शेवटचा शुक्रवार. नोकरी गेल्याचं कळून दोनच दिवस झाले होते, आणि नवीन काही दिसत नव्हतं.

डोक्यावर आकाश निळं होतं. लांब, ओमानच्या अंगाच्या शिखरांवर तेवढं काळं दिसत होतं, आणि आम्ही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. श्रीरंग आणि परांजपे वळणाशी डबक्यात बसले होते, मी त्यांना वाळू उपसून देत होते. पलीकडच्या उभ्या कड्याजवळ, बोरीच्या झाडाखाली, सुनंदाताई आणि रेवा हिरवे दगड गोळा करत होत्या. मधे वादीचं सगळं पात्र, एखाद्या मैदानाएवढं.

अचानक हॉर्न ऐकू आला. थांबेचना. अबू राशिद पिकअप काठाशी लावून दारात उभे होते, दोन्ही हात वर. "यल्ला! यल्ला! ऊपर आओ! पानी आता!" आम्ही इकडेतिकडे बघितलं. पाणी कुठेच नव्हतं. फक्त ओढा, जो सकाळपासून नितळ होता, तो गढूळ झाला होता.

श्रीरंगच्या हातातून परात सुटली. तो धावला. एवढ्या दगडांवरून अनवाणी माणूस तसा धावू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी ओरडत होते, "रेवा! रेवा!" आणि परांजपे मला दंडाला धरून वर ओढत होते. श्रीरंगने रेवाला पाठीवर घेतलं, दुसऱ्या हाताने सुनंदाताईंचं मनगट पकडलं, आणि मागे फिरला. ओढा तोवर त्याच्या घोट्यावर आला होता, मग पोटरीवर. सुनंदाताई एकदा पडल्या, त्याने उठवलं. रेवा त्याच्या खांद्यावरून मागे हात करून रडत होती, "बाबा, माय स्टोन्स!"

अबू राशिदनी खाली उतरून रेवाला वर घेतलं. श्रीरंग काठावर चढला आणि तेव्हा आवाज आला. आधी दूरवर ट्रक रिकामा करतात तसा, मग पायाखालची जमीन थरथरायला लागली. वळणावरून काटक्यांचा, फेसाचा, मातीचा एक लोट आला, त्याच्यामागे पाणी, आणि आम्ही जिथे बसलो होतो ती जागा बघता बघता नाहीशी झाली. सुनंदाताईंची परात एकदा दिसली, गरगर फिरत, उन्हात चमकत, आणि गेली. बोरीचं झाड कमरेपर्यंत पाण्यात होतं.

मी रेवाला छातीशी धरून उभी होते.

अबू राशिद आम्हाला बागेतल्या आपल्या घरी घेऊन गेले. बैठकीत जमिनीवर गालिचे, भिंतीला टेकून उशा. त्यांच्या बायकोने रेवाला कोरडा फुलाफुलांचा झगा घातला, तो तिच्या पायांत लोळत होता. गहवा आला, इथली कडू कॉफी, वेलदोड्याचा वास असलेली, आणि खजूर. अबू राशिद आधी आमच्यावर भरपूर ओरडले, मग हसले, मग परांजप्यांनी दाखवलेली बाटली त्यांनी उजेडात धरली, आणि हसायचे थांबले. "वल्लाह," ते म्हणाले, आणि बायकोला हाक मारली. ती आली, तिने बघितलं. दोघं अरबीत काहीतरी बोलत राहिले.

मी वळून श्रीरंगकडे बघितलं. त्या हिवाळ्यात तो झोपत नव्हता. माझ्या शेजारी डोळे मिटून पडून असायचा आणि मला वाटावं झोपलाय म्हणून श्वास लांब घ्यायचा, आणि मीही फसल्याचं दाखवायचे. आता तो भिंतीला टेकून बसला होता, तळवे खरचटलेले, विजारीवर चिखल, हातात गहव्याची रिकामी वाटी. मान एका बाजूला कलली होती. तोंड उघडं होतं. परक्या घरात, इतक्या माणसांत, भर दुपारी तो गाढ झोपला होता.

परांजपे काहीतरी सांगत होते. मी त्यांना हाताने खूण केली. अबू राशिदनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. पुढे वाकून त्यांनी त्याच्या बोटांतून वाटी अलगद काढून घेतली, एक उशी त्याच्या मानेशी सरकवली, आणि दारात गलका करणाऱ्या नातवंडांना डोळ्यांनीच दटावलं.

"सोने दो," ते हळू आवाजात म्हणाले.

रेवाने बापाच्या मांडीवर डोकं टेकवलं. बाहेर वादी दगड लोटत होती, आणि श्रीरंग घोरत होता.